विमान चढते आहे की उतरते आहे?



माझ्या लहानपणी आमच्या भागात विहिरींवर मोट चालत असे. बैल धावेच्या उताराने पुढे गेले म्हणजे भरलेली मोट वर येई, थारोळ्यात पाणी कोसळे, आणि मग तेच बैल तोंड न फिरवता, मागल्या पावलांनी धाव चढून पुन्हा विहिरीशी येत. अशा चालत्या मोटेचे एक जुने छायाचित्र माझ्या संग्रही होते. शाळेत शिक्षक असताना मी ते मुलांपुढे ठेवून विचारीत असे, "बैल पुढे चालले आहेत की मागे?" बैलांची तोंडे दोन्ही वेळी विहिरीच्या विरुद्ध दिशेलाच असावयाची. बहुतेक मुले तत्काळ "पुढे" असे उत्तर देत. कारण जिकडे तोंड तिकडे चाल, अशी आपली सर्वांचीच समजूत असते. एखादाच मुलगा नाड्याकडे बोट दाखवी. नाडा ताठ असेल तर मोट भरून वर येत आहे, अर्थात बैल पुढे चालले आहेत. नाड्याला झोल पडला असेल तर रिकामी मोट खाली जात आहे आणि बैल मागे सरत आहेत. छायाचित्रात गती उतरत नाही हे खरे. परंतु त्या गतीने ज्या वस्तू ताणल्या, वाकवल्या किंवा उडवल्या, त्या मात्र चित्रात जशाच्या तशा राहतात.

आज मी आपणांपुढे जो प्रश्न मांडणार आहे, तो याच जातीचा आहे. आकाशात, पण जमिनीच्या अगदी जवळ असलेल्या विमानाचे एक छायाचित्र आपल्या हाती आले, तर ते विमान उड्डाण करीत आहे की खाली उतरत आहे, हे कसे ओळखावे? मी विमानविद्येचा पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन शाळामास्तरकीत आयुष्य काढलेला मनुष्य. तथापि या प्रश्नाने मला एकदा चांगलाच धडा शिकवला, आणि तो धडा पुढे सांगणे हे माझे कर्तव्य आहे असे मी समजतो. त्याची हकीकत शेवटी येईलच.

मी राहतो ते हिवरे बाजार हे पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील एक लहान गाव. गावाजवळ विमानतळ नाही. परंतु आमच्याच जिल्ह्यात कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे शिर्डीचा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला, आणि तेव्हापासून विमान हा आमच्याकडील मुलांच्या नित्याच्या कुतूहलाचा विषय होऊन बसला आहे. शेजारच्या घरातील एक विद्यार्थी शिर्डीस जाऊन आला. येताना विमानतळाच्या कुंपणाबाहेरील रस्त्यावरून त्याने एक छायाचित्र घेतले होते. ते मजपुढे धरून तो म्हणाला, "गुरुजी, आजोबा म्हणतात हे विमान वर चाललंय. आई म्हणते खाली उतरतंय. तुम्ही सांगा." चित्रात विमानाचे नाक वर होते, चाके बाहेर लोंबत होती, आणि मागे उघडे माळरान व आकाश होते. हे एक छायाचित्र पुढे ठेवूनच आपण क्रमाक्रमाने विचार करू.

प्रथम आजोबांचा मुद्दा घेऊ. नाक वर आहे, म्हणून विमान वर चालले आहे, असे ते म्हणत होते. मुलांनी बैलांच्या तोंडावरून केलेले अनुमान ते हेच. वस्तुतः उतरणारे विमानही बहुधा नाक किंचित वर धरूनच उतरते. याचे कारण असे. विमानाला तोलून धरणारी शक्ती त्याच्या पंखांवरून वेगाने वाहणाऱ्या हवेतून उत्पन्न होते, आणि ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात कमीजास्त होते. वेग निम्मा झाला तर ही उचल एक चतुर्थांशावर येते. उतरताना तर वेग कमी करणे अवश्य असते. नाहीतर धावपट्टी पुरावयाची नाही. मग वेगाच्या ऱ्हासाने गेलेली उचल भरून काढण्यासाठी वैमानिक पंखांचा वाऱ्याशी असलेला कोन वाढवतो. पतंग उडवणाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक आहे. पतंग वाऱ्यापुढे तिरपा उभा राहतो म्हणूनच तरंगतो. विमान नाक वर करून आहे आणि तरीही खाली येत आहे, यात विसंगती काहीच नाही. त्याचे तोंड एकीकडे आणि वाट दुसरीकडे असू शकते.

तथापि नाकाच्या चढणीत प्रमाणाचा फरक आहे, आणि तो उपयोगी पडतो. प्रवासी विमान उतरताना साधारणतः तीन अंशांच्या उताराने येते. म्हणजे मैलभर पुढे येताना सुमारे तीनशे फूट खाली येते. त्या वेळी त्याचे नाक क्षितिजाच्या वर दोन-तीन अंश, आणि जमिनीला टेकण्याच्या क्षणी त्याहून थोडे अधिक असते. उड्डाण करणारे विमान मात्र जमीन सोडल्यावर पंधरा अंशांच्या आसपास नाक उचलून चढते. चित्रातील विमान चांगलेच उभे दिसत असेल तर उड्डाणाचा संशय बळावतो. परंतु येथे एक सावधगिरी हवी. छायाचित्र घेणाऱ्याचा हात तिरपा असला तर सबंध जगच तिरपे होते. म्हणून विमानाकडे पाहण्यापूर्वी चित्रातील क्षितिज, विजेचे खांब, घरांच्या भिंती यांकडे पाहावे. आमच्या विद्यार्थ्याच्या चित्रात कुंपणाचे खांबच एका बाजूस झुकलेले होते. चित्र फिरवून खांब सरळ केले, तेव्हा विमानाचे ते उंच नाक बरेचसे खाली आले. आजोबांचा पुरावा असा अर्धा गळून पडला.

आता चाकांकडे वळू. आईचा भर चाकांवर होता. चाके बाहेर आहेत, म्हणून विमान उतरते आहे, असे तिचे म्हणणे. हा पुरावा नाकाहून बरा. परंतु पुरता नव्हे. आधुनिक प्रवासी विमानाची चाके हवेत पोटात घेतली जातात; कारण बाहेर राहिलेली चाके वाऱ्याला मोठा अडथळा करतात. उड्डाण करताना विमान निश्चितपणे चढू लागले असे दिसताच, म्हणजे जमीन सोडल्यावर थोड्याच सेकंदांत, चाके आत घेण्यास आरंभ होतो. उतरताना मात्र ती बरीच आधी, बहुधा धावपट्टी पाच-सहा मैल दूर असतानाच खाली सोडली जातात. यावरून उंचीचा हिशेब लावता येतो. विमान बरेच उंच आहे, धावपट्टी दूर आहे, तरी चाके पूर्ण खाली आहेत, तर ते बहुधा उतरत आहे. विमान धावपट्टीच्या लगत आहे आणि चाके अर्धवट मिटलेली आहेत, तर ते निश्चितच चढत आहे. कारण इतक्या खाली आल्यावर उतरणाऱ्या विमानाची चाके अर्धवट असून चालावयाचे नाही. परंतु विमान धावपट्टीच्या लगत आहे आणि चाके पूर्ण खाली आहेत, तर? तेव्हा हा साक्षीदार मुका होतो. आमचे चित्र नेमके असेच होते.

जुन्या विमानांच्या बाबतीत तर चाके काहीच सांगत नाहीत, कारण ती मिटतच नसत. मराठी मुलखाच्या विमानवाहतुकीचा आरंभ ज्या उड्डाणाने झाला, त्याचेच उदाहरण घ्या. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन, वाटेत अहमदाबादेस थांबून, मुंबईच्या जुहू येथील मैदानावर आपले विमान उतरवले. ते 'पस मॉथ' जातीचे एका एंजिनाचे लहानसे विमान होते. त्याची दोन मुख्य चाके पुढे, कायमची बाहेर; आणि शेपटी मागे जमिनीला टेकलेली. अशा विमानाच्या चित्रात शेपटीकडे पाहावे लागते. उड्डाणासाठी धावताना वेग येताच अशा विमानाची शेपटी प्रथम जमीन सोडते आणि विमान पुढल्या दोन चाकांवर धावू लागते. उतरताना शेपटी खाली ठेवून तिन्ही टेकू एकदम जमिनीला लावावे, ही त्या काळची रीत. यास्तव शेपटी उचलून धावणारे विमान बहुधा निघालेले असते. पस मॉथची आणखी एक खूण होती. तिच्या चाकांच्या दांड्यांवरील चपटे आवरण वैमानिकाला आडवे फिरवता येई, म्हणजे ते वाऱ्याला आडवे येऊन वेग मंदावीत असे. समोरून घेतलेल्या चित्रात ते दांडे रुंद दिसले, तर वैमानिकाची इच्छा थांबण्याची आहे हे उघड होते. टाटांनी १९८२ साली त्याच उड्डाणाच्या सुवर्णमहोत्सवी दिनी, वयाच्या ७८व्या वर्षी, 'लेपर्ड मॉथ' विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा करून दाखवला. त्या विमानाची चाकेही अशीच न मिटणारी होती.

आता या विषयाचा जो गाभा, त्याकडे येऊ. तो म्हणजे पंख. मोटेच्या चित्रात जे स्थान नाड्याचे, तेच येथे पंखांवरील हलत्या भागांचे. विमानाच्या पंखांच्या मागच्या कडेला लांबट फळ्या बसवलेल्या असतात. त्यांना फ्लॅप म्हणतात. आपण त्यांना पंखांच्या झडपा म्हणू. वैमानिक या झडपा मागे सरकवून खाली वाकवू शकतो. त्या वाकल्या की पंखाची वाक आणि रुंदी वाढते, आणि कमी वेगातही पंख पुरेशी उचल देतो. परंतु या लाभाचे मोल द्यावे लागते. झडप जितकी अधिक वाकवावी तितका वाऱ्याचा अडथळाही वाढतो. थोडी वाकवली तर उचल पुष्कळ मिळते व अडथळा थोडा वाढतो. पुरी वाकवली तर उचलीत आणखी थोडी भर पडते, पण अडथळा फार वाढतो.

येथे उड्डाण आणि अवतरण यांच्या गरजा परस्परविरुद्ध होतात. उड्डाण करणाऱ्याला उचल हवी, पण अडथळा नको. कारण त्याला वेग वाढवून चढावयाचे आहे. उतरणाऱ्याला उचलही हवी आणि अडथळाही हवा. कारण त्याला वेग न वाढू देता खाली यावयाचे आहे. म्हणून उड्डाणाच्या वेळी झडपा थोड्या आणि उतरताना पुष्कळ वाकवलेल्या असतात. उदाहरणार्थ, बोईंग ७३७ या सर्वत्र दिसणाऱ्या विमानात उड्डाणासाठी झडपांचा दांडा बहुधा ५ या खुणेवर ठेवतात, आणि उतरताना ३० किंवा ४० वर. बाजूने पाहिले असता उड्डाणातील झडप पंखाच्या रेषेतच किंचित ओघळल्यासारखी भासते. उतरतानाची झडप मात्र पंखाच्या मागे जणू दुसरा पंखच लोंबत आहे अशी दिसते, आणि मधल्या फटीतून कधी आकाशही दिसते. बाकीच्या खुणा अनुकूल वा प्रतिकूल असल्या तरी ही खूण सर्वांत भरवशाची. मात्र ती पाहण्यास चित्र जवळून, स्वच्छ आणि बाजूने घेतलेले असले पाहिजे. ही अट आपण लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

विमानाची चाके जमिनीला लागलेली असली तर आणखी काही साक्षीदार पुढे येतात. सर्वांत कठीण चित्र ते, ज्यात मागची चाके जमिनीवर आणि पुढचे चाक अधांतरी असते. उड्डाण करणारे विमान पुढचे चाक आधी उचलते, आणि उतरणारे विमान ते सर्वांत शेवटी टेकवते. त्यामुळे दोन्ही वेळची मुद्रा जवळजवळ एकच. अशा वेळी मागच्या चाकांपाशी पाहावे. हवेतून येणारी चाके फिरत नसतात, आणि विमान तर ताशी सुमारे अडीचशे किलोमीटर वेगाने धावपट्टीला भिडते. स्थिर चाकांना एका निमिषात तितकी गती घ्यावी लागते. त्या घासणीने रबर जळते आणि पांढुरक्या धुराचा लोट उठतो. उड्डाण करणाऱ्या विमानाची चाके आधीपासूनच फिरत असल्यामुळे त्यांना हे कारण नसते. धुराचा असा लोट हा अवतरणाचा उत्तम पुरावा होय.

त्यानंतर पंखांच्या पाठीकडे पाहावे. विमान टेकताच पंखांच्या वरच्या बाजूस काही फळ्या उभ्या राहतात. त्या हवेचा प्रवाह मोडतात, पंखांची उचल नाहीशी करतात आणि सगळा भार चाकांवर आणून गतिरोधकांची पकड बसवतात. दोन्ही पंखांवर अशा फळ्या उभ्या आहेत आणि चाके जमिनीवर आहेत, तर विमान थांबण्याच्या मार्गावर आहे. एंजिनांचेही तसेच. उतरल्यावर एंजिनाच्या कवचाचा मागचा भाग मागे सरकतो, किंवा काही एंजिनांत पाकळ्यांसारखी दारे उघडतात, आणि हवेचा झोत पुढच्या दिशेला वळवला जातो. चित्रात एंजिन असे उघडलेले दिसले तर उड्डाणाचा प्रश्नच उरत नाही. एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. काही बिघाडामुळे वैमानिकाने धावता धावता उड्डाण रद्द केले, तर तोही हीच सर्व साधने वापरतो.

विमानाने आपली साक्ष दिल्यावर जमिनीची साक्ष काढावी. पुष्कळांस वाटते की वाऱ्याची दिशा कळली म्हणजे प्रश्न सुटला. परंतु विमान चढते तेही वाऱ्याला सामोरे जाऊन, आणि उतरते तेही वाऱ्याला सामोरे येऊन. कारण समोरचा वारा दोहोंनाही उपकारक असतो. विमानतळावर खांबाला बांधलेली कापडी पिशवी असते. तिचे उघडे तोंड जिकडे, तिकडेच विमानाचे नाक. यावरून चढणे-उतरणे कळत नाही. मात्र धावपट्टीचे कोणते टोक प्रवेशाचे आणि कोणते निर्गमनाचे, हे कळते, आणि हे कळले की विमान ज्या टोकाशी आहे त्यावरून उत्तर निघते.

मुंबईकर श्रोत्यांना याची प्रचीती घरबसल्या घेता येईल. मुंबईच्या विमानतळाची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, आणि वारा बहुतेक काळ, विशेषतः पावसाळ्यात, समुद्राकडून म्हणजे पश्चिमेकडून येतो. म्हणून विमाने पूर्वेकडून घाटकोपर-कुर्ल्याच्या घरांवरून उतरत येतात, आणि पश्चिमेस विलेपार्ले-जुहूवरून समुद्राकडे निघून जातात. छायाचित्रात विमानाखाली कुर्ल्याची दाटीवाटीची वस्ती असेल तर ते बहुधा आलेले पाहुणे आहे. खाली जुहूची वाळू असेल तर ते बहुधा निरोप घेत आहे. वारा पूर्वेचा झाला की हा क्रम उलटा होतो, म्हणून "बहुधा" हा शब्द मी गाळत नाही. धावपट्टीवरही खुणा असतात. प्रवेशाच्या टोकापासून काही अंतरावर दोन मोठे पांढरे पट्टे रंगवलेले असतात. उतरणाऱ्या वैमानिकाची नजर त्यांवर असते, आणि आसपास चाकांच्या रबराचे काळे ओरखडे साचलेले असतात. या खुणांच्या वर थोड्याच फुटांवर असलेले मोठे विमान जवळजवळ नेहमीच उतरणारे असते. कारण उड्डाण करणाऱ्याला जमीन सोडण्यापूर्वी यापेक्षा पुष्कळ लांब धावावे लागते.

इतके सर्व जमले तरी काही फसवे प्रसंग राहतात. उतरण्यास आलेला वैमानिक शेवटच्या क्षणी बेत बदलून पुन्हा वर जातो, तेव्हा चाके खाली, झडपा वाकलेल्या आणि नाक उंच, असे मिश्र चित्र दिसते. बारामतीसारख्या ठिकाणी, जेथे वैमानिकांचे शिक्षण चालते, तेथे शिकाऊ विमान टेकते आणि न थांबता पुन्हा उडते. त्या एका क्षणाच्या चित्रास चढण म्हणावे की उतरण, हा शब्दांचाच वाद होईल. शिवाय छापताना चित्र उलटे, म्हणजे आरशात दिसावे तसे झाले असेल, तर पूर्वेची पश्चिम होते. यावर उपाय सोपा आहे. भारतीय विमानांच्या अंगावर 'व्हीटी' या इंग्रजी अक्षरांनी आरंभ होणारी नोंदणीची खूण असते. ती उलटी उमटली नाही ना, हे आधी पाहून घ्यावे.

आता मी ज्या धड्याचा उल्लेख केला तो सांगतो. १२ जून २०२५ रोजी दुपारी अहमदाबादेहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे बोईंग ७८७ विमान उड्डाण करताच कोसळले. विमानातील २४२ जणांपैकी २४१ आणि जमिनीवरील १९, असे २६० जीव गेले. त्याच सायंकाळी दूरवरून टिपलेले एक अस्पष्ट चलच्चित्र घरोघरी पोहोचले. विमानाचे नाक वर, चाके खाली, आणि विमान मात्र घरांच्या मागे खाली जात आहे, असे त्यात दिसत होते. नुसते ते पाहणारास हे विमान उतरत आहे असेच वाटले असते. आमच्या गावातही पारावर मंडळी जमली. मी त्या चलच्चित्राचा एक क्षण थांबवून, गुरुजीपणाच्या ऐटीत, सर्वांसमक्ष सांगितले, "पाहा, झडपा सरळ आहेत. वैमानिक त्या लावायला विसरला." मंडळींनी माना डोलावल्या. मी शिक्षक, माझ्या शब्दाला गावात वजन. असाच तर्क देशभर पुष्कळांनी केला, हे खरे. परंतु त्यामुळे माझा दोष कमी होत नाही.

जुलै महिन्यात अपघातांचा तपास करणाऱ्या सरकारी विभागाचा प्राथमिक अहवाल आला. झडपांचा दांडा अवशेषांत ५ अंशांच्या खाचेत घट्ट बसलेला सापडला होता, आणि उड्डाणासाठी ती स्थिती नेहमीचीच, असे त्यात नमूद होते. चाकांचा दांडा "खाली" या स्थितीत होता. विमानाने जमीन सोडल्यापासून नोंदी थांबेपर्यंत सुमारे ३२ सेकंद गेले होते, आणि त्यातील पहिल्या काही सेकंदांतच दोन्ही एंजिनांचे इंधनाचे खटके एकामागून एक "बंद" स्थितीत गेल्याचे नोंदयंत्रात उमटले होते. ते कसे व का घडले याची मीमांसा करण्याचा मला अधिकार नाही, आणि ती कोणत्याही बाहेरील चित्रात दिसणेही शक्य नव्हते. परंतु एवढे सिद्ध झाले की वैमानिकाने न केलेली चूक मी त्याच्या माथी मारली होती, आणि तीही त्याच्या घरच्यांचे अश्रू वाळण्यापूर्वी. पाच अंशांची किंचितशी वाक, तितक्या दुरून, तितक्या पुसट चित्रात दिसणे अशक्य होते. मला झडप दिसली नाही एवढेच खरे होते. झडप वाकवलेली नव्हती, हे मी पदरचे घातले. "दिसत नाही" आणि "नाही" यांत केवढे अंतर आहे!

त्याच अहवालात तज्ज्ञांनीही एका चित्राचा आधार घेतला आहे. विमानतळावरील कॅमेऱ्याच्या चित्रणात, जमीन सोडल्यानंतर लगेच, विमानाच्या पोटाखाली वाऱ्यावर फिरणारा एक लहान पंखा बाहेर आलेला दिसला. मुख्य शक्ती गेली म्हणजे निकडीच्या वेळी थोडी शक्ती पुरवण्यासाठी तो आपोआप बाहेर येतो. हे चित्र जवळच्या कॅमेऱ्याचे होते, त्याचा काळ नक्की ठाऊक होता, आणि त्याचा ताळा नोंदयंत्राशी घेतलेला होता. चित्राची साक्ष खोटी नसते; पण ती किती दुरून दिली आहे आणि तिला दुजोरा कोणाचा आहे, हे विचारल्यावाचून निकाल देऊ नये.

मला याची अधिक लाज वाटली ती अशासाठी की माझ्या गावाने हा धडा पाण्याच्या बाबतीत कधीच गिरवला आहे. वर हिरवे दिसते म्हणून खाली पाणी आहे, असे आम्ही समजत नाही. दर वर्षी पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात, हिशेब गावापुढे मांडतात, आणि मग कोणती पिके घ्यावीत हे ठरते. जमिनीखालचे पाणी मोजल्यावाचून शब्द न टाकणाऱ्या गावातील मी मनुष्य, आणि आकाशातील दोनशे बेचाळीस जणांविषयी मात्र एका अंधूक चित्रावरून बोलून गेलो.

असो. आता त्या विद्यार्थ्याच्या चित्राचा निकाल देऊन मी आपली रजा घेतो. खांब सरळ केल्यावर नाक किंचितच वर राहिले. चाके पूर्ण खाली होती, पण ती साक्ष मुकी. चित्र बाजूने आणि जवळून घेतलेले असल्यामुळे पंखामागील झडप स्पष्ट दिसत होती, आणि ती चांगलीच लोंबत होती. पंख व झडप यांमधील फटीतून आकाशाची बारीक रेघ डोकावत होती. कडेला कापडी पिशवी होती. तिच्या तोंडावरून प्रवेशाचे टोक कोणते ते कळले, आणि विमान त्याच टोकाशी होते. दोन स्वतंत्र साक्षी एकमेकींशी जुळल्या. मी त्याला म्हटले, "बाळ, तुझी आई बरोबर आहे, पण तिने दिलेले कारण पुरेसे नव्हते." त्याने लगेच दुसरे एक चित्र पुढे केले. त्यात संधिप्रकाशात दूरवर एक काळसर आकृती आणि दोन दिवे एवढेच होते. मी ते बराच वेळ पाहिले आणि म्हणालो, "हे सांगता येत नाही." तो हिरमुसला. तेव्हा मी त्याला सांगितले की माझ्या वर्गात या उत्तराला, कारणासह लिहिल्यास, पूर्ण गुण मिळत असत.

त्याच सायंकाळी मी पारावर गेलो. जून महिन्यात ज्यांच्यापुढे मी तो निकाल दिला होता, त्यांतील बरीच मंडळी तेथे होती. माझे म्हणणे चुकीचे होते, वैमानिकाने झडपा लावल्या होत्या, असे मी त्यांना सांगितले. कोणी फारसे बोलले नाही. एका वृद्धाने एवढेच विचारले, "मग गुरुजी, त्या दिवशी तुम्हांला दिसलं तरी काय होतं?" मी म्हणालो, "दूरचं एक विमान, बाबा. याहून अधिक काही नाही."